हार्ड डिस्क पडली आणि टकटक आवाज येतोय? डेटा वाचवायचा असेल तर आधी हे वाचा

गेल्या दिवाळीत मी मामांकडे बेलापूरला होते. बेलापूर म्हणजे नवी मुंबईतलं नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं बेलापूर.

मामांच्या टीव्हीला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडलेली असायची. तिच्यात दोन लग्नांचे फोटो, शेताच्या कागदांचे स्कॅन आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. आजी आता नाही. त्या रेकॉर्डिंगची दुसरी कॉपीही कुठेच नव्हती.

भाऊबीजेच्या दिवशी एका पोराचा पाय केबलमध्ये अडकला आणि चालू असलेली डिस्क शोकेसवरून फरशीवर पडली. बाहेरून साधा ओरखडाही दिसत नव्हता. पण परत जोडल्यावर आतून आवाज यायला लागला. टक, टक, टक.

पुढच्या बारा तासांत आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं, ते जवळपास सगळं चुकीचं होतं. दहा-बारा वेळा केबल काढून परत लावली. दोन वेगवेगळ्या लॅपटॉपना जोडून पाहिली. हलकेच थोपटूनही पाहिली. रात्री एक रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, स्कॅन लावलं आणि झोपलो. सकाळी ती डिस्क लॅपटॉपवर दिसायचीच बंद झाली होती.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी हे समजून घेऊ की बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा परत मिळतो तरी कसा, घरी काय करता येतं आणि कुठे थांबायलाच हवं. कारण डिस्क पडली म्हणजे डेटा गेला असं नसतं. अनेकदा तो जातो, ते पडल्यानंतर आपण जी खटपट करतो तिच्यामुळे.

वेळ नसेल तर एवढं तरी वाचा

- डिस्कमधून टकटक, घासल्यासारखा किंवा किणकिण आवाज येत असेल तर लगेच केबल काढा. परत लावू नका.
- "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं कम्प्युटरने विचारलं तर "कॅन्सल" दाबा.
- डेटा ज्या डिस्कवरून गेला, तिच्यावर नवीन काहीही सेव्ह करू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर टाकू नका.
- डिस्क भिजली असेल तर चालू करून बघू नका.
- डिस्कचं झाकण घरी किंवा साध्या दुकानात उघडू देऊ नका.

हार्ड डिस्कच्या आत नेमकं असतं काय?

पेनड्राईव्हमध्ये हलणारा एकही भाग नसतो. हार्ड डिस्कचं तसं नाही. तिच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्यांना प्लॅटर म्हणतात. त्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि आपला सगळा डेटा त्या थरात लिहिलेला असतो. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये या चकत्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात.

चकतीच्या वर एका बारीक दांड्याच्या टोकाला 'हेड' असतं. हेच डेटा वाचतं आणि लिहितं. गंमत म्हणजे ते चकतीला टेकत नाही. चकती फिरताना तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं. हे अंतर असतं अवघं काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. हेडसाठी धुळीचा एक कण म्हणजे रस्त्यात आलेला डोंगर.

डिस्क बंद असते तेव्हा हेड बाजूला जाऊन बसतं. त्यामुळे बंद डिस्क पडली तर ती वाचण्याची शक्यता बरी असते. चालू डिस्क पडली तर हेड चकतीवर आपटू शकतं. हेड वाकतं, तुटतं किंवा चकतीवर ओरखडा काढतं.

टकटक आवाज इथूनच येतो. हेड चकतीवर आपली जागा शोधतं, ती सापडत नाही म्हणून मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. आपण जितका वेळ डिस्क चालू ठेवतो, तितका वेळ ते खराब हेड चकतीवर फिरत राहतं. चुंबकीय थर खरवडला गेला की तिथला डेटा जगातली कुठलीही लॅब परत आणू शकत नाही.

म्हणून पहिला नियम हाच: आवाज आला की वीज बंद.

आधी ओळखा, बिघाड कुठला आहे

डॉक्टर आधी तपासतो, मग औषध देतो. इथेही तसंच आहे. एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे बिघाड ढोबळमानाने चार प्रकारचे असतात.

पहिला प्रकार: केबल, पोर्ट किंवा वीज

हा सगळ्यात स्वस्तात सुटणारा बिघाड. डिस्क पडलेली किंवा भिजलेली नाही, विचित्र आवाज नाही, फक्त दिसत नाही किंवा मध्येच गायब होते. अशा वेळी आधी केबल बदलून पाहा. या डिस्कच्या चपट्या केबल लवकर सैल होतात.

मग पोर्ट बदला. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरलेल्या मानकानुसार ५०० मिलीअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३.० मधून ९०० मिलीअँपिअर. टीव्हीला, स्वस्त हबला किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला जोडलेल्या डिस्कला कधीकधी फिरायला पुरेशी वीजच मिळत नाही. तेव्हाही हलका टिकटिक आवाज येऊ शकतो. म्हणून न पडलेली डिस्क एकदा नव्या केबलने थेट लॅपटॉपला किंवा डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावून पाहायला हरकत नाही. एकदाच. तरीही आवाज आला तर थांबा.

मोठ्या आकाराच्या टेबलावरच्या डिस्कला वेगळा अडॅप्टर असतो. लाईट जाऊन अचानक जास्त दाबाने आली की आधी तो जातो. सर्किट बोर्डवर बऱ्याचदा एक छोटा संरक्षक डायोडही असतो, तो स्वतः जळून बाकीच्या बोर्डला वाचवतो. अशा डिस्कमधला डेटा अनेकदा पूर्ण शाबूत असतो. बदली अडॅप्टर लावताना मात्र व्होल्टेज तेवढंच आहे ना हे नीट पाहा. हाताला लागेल तो अडॅप्टर लावू नका.

दुसरा प्रकार: डिस्क ठीक, पण आतला हिशोब बिघडला

डिस्क फिरते, आवाज नेहमीचा आहे, कम्प्युटरला ती दिसते. पण उघडायला गेलं की फॉरमॅट करायला सांगते, किंवा फोल्डर रिकामे दिसतात. कधी आपणच चुकून फाइल डिलीट केलेली असते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक डिस्कवर एक अनुक्रमणिका असते: कुठली फाइल कुठे ठेवली आहे. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद पुसली जाते आणि ती जागा 'रिकामी' म्हणून दाखवली जाते. पुस्तकातलं प्रकरण तसंच असतं, अनुक्रमणिकेतलं नाव तेवढं खोडलेलं असतं. त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा मिळू शकतो.

क्विक फॉरमॅटमध्येही साधारण हेच होतं. फुल फॉरमॅटचं मात्र वेगळं आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये फुल फॉरमॅट केलं की संपूर्ण डिस्कवर शून्य लिहिली जातात. मग काही उरत नाही.

अशा बिघाडासाठी घरी वापरता येतील अशी चांगली सॉफ्टवेअर आहेत. 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही दोन पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहेत. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधतं. फोटोरेक अनुक्रमणिकेकडे बघतच नाही, थेट फाइलच्या खुणा शोधतं. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइट्सनी होते, त्यावरून त्याला कळतं की इथे फोटो आहे. तोटा एवढाच की फाइलची मूळ नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. हजारो फोटो आकड्यांच्या नावाने मिळतात आणि ते लावत बसावं लागतं. विंडोजसाठी 'रिक्युव्हा' आणि मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज फाइल रिकव्हरी' हेही पर्याय आहेत.

दोन पथ्यं मात्र पाळा. सापडलेल्या फाइल नेहमी दुसऱ्या डिस्कवर सेव्ह करा. आणि विंडोजने "डिस्कमधल्या चुका दुरुस्त करू का?" असं विचारलं, तर डेटा बाहेर काढेपर्यंत नाही म्हणा. ही दुरुस्ती अनुक्रमणिका नीट करण्यासाठी असते, तुमच्या फाइल वाचवण्यासाठी नाही. त्या नादात फाइलचे तुकडे होऊ शकतात.

अजून एक इशारा. तुमची एक्स्टर्नल डिस्क एसएसडी प्रकारची असेल तर डिलीट झालेला डेटा परत मिळण्याची शक्यता खूप कमी असते. एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना मिळते आणि ती रिकामी झालेली जागा स्वतःहून साफ करून टाकते. काही नव्या हार्ड डिस्कमध्येही ही सोय आलेली आहे. त्यामुळे चूक लक्षात आल्याबरोबर डिस्क काढून ठेवणं चांगलं.

तिसरा प्रकार: डिस्क म्हातारी झाली, बॅड सेक्टर आले

डिस्क दिसते, पण एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात. कॉपी मध्येच अडकते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'रीअलोकेटेड', 'पेंडिंग' किंवा 'अनकरेक्टेबल' सेक्टरचे आकडे शून्यापेक्षा जास्त असतील आणि वाढत असतील, तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत.

इथे बहुतेक लोक थेट रिकव्हरी सॉफ्टवेअर लावतात. आम्हीही तेच केलं. ते सॉफ्टवेअर खराब जागेवर अडून बसतं, तिथेच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं आणि आजारी डिस्कला रात्रभर पळवतं.

योग्य पद्धत उलटी आहे. आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी कॉपी, म्हणजे क्लोन, दुसऱ्या चांगल्या डिस्कवर काढायची. मूळ डिस्क बाजूला ठेवायची आणि सगळी शोधाशोध त्या क्लोनवर करायची. लिनक्सवरचं 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी ओळखलं जातं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा वगळून पुढे जातं आणि त्या जागांकडे शेवटी वळतं. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवत असल्यामुळे मध्येच लाईट गेली तरी काम पुढे सुरू करता येतं.

ते कमांड टाइप करून चालवावं लागतं. मूळ डिस्क कुठली आणि नवी कुठली यात गल्लत झाली तर चांगल्या डेटावर रिकामी डिस्क लिहिली जाईल. त्यामुळे हातखंडा नसेल तर जाणकार माणसाकडून करून घ्या. तुमचा कम्प्युटरवाला "आधी क्लोन काढतो" असं म्हणाला तर समजा, माणूस योग्य आहे.

चौथा प्रकार: आतला यांत्रिक बिघाड

टकटक, घासल्यासारखा आवाज, किंवा चकती फिरतच नाही. पडलेली डिस्क बहुतेक वेळा याच गटात येते. इथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. कारण सॉफ्टवेअरलाही डेटा वाचायला तेच हेड लागतं, जे तुटलेलं आहे.

हे काम लॅबचं. तिथे डिस्क 'क्लीन रूम'मध्ये किंवा तशाच गाळलेल्या हवेच्या बंदिस्त टेबलावर उघडतात. या कामासाठी जे मानक सांगितलं जातं, त्यात एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. आपल्या साध्या खोलीच्या हवेत असे कण कोटींच्या घरात असतात.

लॅबमध्ये त्याच मॉडेलची, जुळणारी दुसरी डिस्क शोधतात. तिला डोनर म्हणतात. तिचं हेड काढून तुमच्या डिस्कला बसवतात. मग विशेष यंत्राने हळूहळू, एकेका हेडने क्लोन काढतात. बदललेलं हेडही फार काळ टिकेल याची खात्री नसते, म्हणून सर्वात आधी कुठला डेटा हवा हे ते तुम्हाला विचारतात. फोल्डरची नावं आठवत असतील तर लिहून द्या.

"बोर्ड बदलला की चालू होते" हे खरं का?

पूर्वी बऱ्याच वेळा चालायचं. आता सहसा नाही. आजच्या प्रत्येक डिस्कच्या बोर्डवर एका चिपमध्ये त्या डिस्कपुरत्या खास जुळवणीची माहिती असते. नुसता दुसरा बोर्ड लावला तर डिस्क नीट चालत नाही. जुनी चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डवर न्यावी लागते.

"वरचं कव्हर काढून आतली डिस्क थेट कम्प्युटरला लावू" हाही लोकप्रिय सल्ला आहे. काही मॉडेलमध्ये तो चालतो. पण अनेक छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्याच बोर्डवर असतं, दुसरी केबल लावायला जागाच नसते. शिवाय वेस्टर्न डिजिटलच्या काही मॉडेलमध्ये तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी डेटा बोर्डवरची चिप सांकेतिक करून लिहिते. तो बोर्ड फेकून दिला तर चकती शाबूत असूनही डेटा वाचता येत नाही. म्हणून जळका बोर्डसुद्धा जपून ठेवा.

भिजलेली डिस्क: तांदळात ठेवू नका

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर आणि सांगलीच्या बाजारपेठांत पाणी शिरलं होतं. प्रवरेकाठच्या गावांनाही धरणातून पाणी सोडलं की नदीवर लक्ष ठेवावं लागतं. घरात पाणी आलं तर डिस्कचं काय करायचं?

बहुतेक हार्ड डिस्क हवाबंद नसतात. आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्यांना गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं. पुराचं पाणी त्यातून आत जाऊ शकतं आणि त्याच्यासोबत गाळही जातो.

अशी डिस्क उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर मारणं, तांदळात ठेवणं यांनी पाणी उडून जातं, पण गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. मग चकती फिरली की हेड त्यावर आदळतं. रिकव्हरीचं काम करणाऱ्यांचा सल्ला असा असतो की डिस्क चालू न करता, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घाला आणि लवकरात लवकर लॅबला पोहोचवा. सफाई तिथे होईल.

फ्रीजरमध्ये ठेवायचा उपायही असाच. थंड डिस्क बाहेर काढली की गार पाण्याच्या तांब्यावर येतात तसे दवबिंदू आत चकतीवर जमू शकतात. हा उपाय विसरा.

अंतराळातून पडलेली डिस्क वाचली, मग आपली का नाही?

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा मृत्यू झाला. यानाचे अवशेष अमेरिकेत टेक्सास आणि आसपास विखुरले.

त्या अवशेषांत सीगेट कंपनीची सुमारे ४०० एमबीची एक हार्ड डिस्क होती. ती काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली. तिच्यावर झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची माहिती होती. बाहेरून ती जळून काळी झाली होती, सील वितळून आत धूळ गेली होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने चकत्या काढून साफ केल्या, नव्या भागांत बसवल्या आणि जवळपास ९९ टक्के डेटा परत मिळवला. त्यावर आधारलेला शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच यानातल्या दुसऱ्या दोन डिस्कमधून मात्र काहीही मिळालं नाही.

म्हणजे यात नशिबाचाही भाग होता. पण एक गोष्ट नशिबाची नव्हती. ती डिस्क सापडल्यावर कुणी कम्प्युटरला लावून "चालते का बघू" असं केलं नाही. ती जशी होती तशीच लॅबपर्यंत पोहोचली. चकतीचा थर शाबूत होता, म्हणून डेटा मिळाला.

गावातून डिस्क लॅबला पाठवायची कशी?

साध्या बिघाडाला, म्हणजे केबल, डिलीट झालेल्या फाइल, फॉरमॅट, तालुक्याच्या गावातला अनुभवी कम्प्युटरवाला पुरेसा असतो. पण हेड बदलायची सोय असलेल्या लॅब साधारणपणे पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच सापडतात. शक्य असेल तर डिस्क स्वतः घेऊन जा. एसटीने जात असाल तर बॅग मांडीवर ठेवा, डिकीत नको.

कुरिअर करायचीच असेल तर अँटी-स्टॅटिक पिशवीत घाला, चारी बाजूंनी दोन-तीन इंच बबल रॅप गुंडाळा आणि घट्ट बसेल अशा खोक्यात ठेवा. खोकं हलवल्यावर आत काही हललं तर पॅकिंग पुन्हा करा.

डिस्क देण्यापूर्वी हे प्रश्न विचारा:

- तपासणीचे पैसे किती? डेटा नाही मिळाला तर किती द्यायचे?
- डिस्क तुम्हीच उघडणार की पुढे दुसऱ्याकडे पाठवणार?
- पूर्ण पैसे देण्यापूर्वी सापडलेल्या फाइलची यादी दाखवाल का?
- काम नाही झालं तर डिस्क सगळ्या सुट्या भागांसह परत मिळेल का?
- तुमच्याकडची माझ्या डेटाची कॉपी कधी पुसणार?

आणि डिस्कचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्याच.

खर्च बिघाडावर ठरतो. सॉफ्टवेअरने होणारं काम साधारण काही हजारांत होतं. हेड बदलायची वेळ आली तर डोनर डिस्क धरून आकडा दहा हजारांच्या पुढे सहज जातो. "शंभर टक्के गॅरंटी" असं डिस्क न बघता फोनवर सांगणाऱ्यापासून लांब राहा. आणि इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवरचा माणूस "आधी स्क्रीन शेअर करा" म्हणाला तर फोन ठेवून द्या. तुटलेलं हेड स्क्रीन शेअर करून दुरुस्त होत नाही, बँक खातं मात्र रिकामं होऊ शकतं.

वॉरंटी आहे, मग काळजी कशाला?

वॉरंटी साधारणपणे डिस्कची असते, डेटाची नाही. कंपनीला डिस्क दिलीत तर बदल्यात दुसरी मिळेल. तुमच्या फाइल जुन्या डिस्कसोबत गेल्या. म्हणून आधी डेटा, मग वॉरंटी. सीगेटच्या काही डिस्कसोबत ठरावीक काळासाठी डेटा रिकव्हरीची सेवाही येते. खोक्यावर 'रेस्क्यू' असं लिहिलंय का ते बघा.

डिस्कमध्ये खासगी फोटो आणि कागदपत्रं असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७२ए नुसार, कराराने सेवा देताना हाती आलेली एखाद्याची वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या हेतूने, संमतीशिवाय उघड करणं हा गुन्हा आहे. सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं असतं. तिथेही ती पावतीच कामाला येते.

डेटा वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय

जात्यावरच्या ओव्यांचंच उदाहरण घ्या. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरातल्या गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बेर्नार बेल यांनी त्यांचा कम्प्युटरवर डेटाबेस उभा केला. २०१७ पासून 'परी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या वेबसाइटवर या ओव्या मजकूर, आवाज आणि व्हिडिओसह प्रसिद्ध होत आहेत. ज्यांनी गायल्या त्यांतल्या अनेकजणी आज हयात नाहीत. पण ओव्या कागदावर होत्या, टेपवर होत्या आणि कम्प्युटरवरही होत्या. एका शोकेसवर ठेवलेल्या एकाच डिस्कवर त्या नव्हत्या.

कम्प्युटरच्या जगात याला '३-२-१' नियम म्हणतात. महत्त्वाच्या फाइलच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरच्यासाठी सोपं करून सांगायचं तर एक कॉपी लॅपटॉपवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा पुण्यातल्या ताईकडच्या डिस्कवर. फोनमधली जागा मोकळी करायला फोटो एक्स्टर्नल डिस्कवर हलवले आणि फोनमधून डिलीट केले, तर तो बॅकअप झाला नाही. कॉपी अजूनही एकच आहे.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरना तर हे जास्तच लागू आहे. लोकांचं लग्न परत होत नाही. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

आमच्या डिस्कचं काय झालं?

ती शेवटी पुण्यातल्या एका लॅबमध्ये गेली. हेड बदललं. चकतीच्या एका बाजूला ओरखडे होते. बरेचसे फोटो मिळाले, शेताचे कागद मिळाले. आजीच्या ४० मिनिटांच्या रेकॉर्डिंगपैकी सुरुवातीची ११ मिनिटं मिळाली. बाकीचं ज्या भागावर होतं, तिथे थरच उरला नव्हता.

"पहिला टक आवाज आला तेव्हाच आणली असती तर?" असं मामांनी विचारलं. लॅबमधला माणूस म्हणाला, "खात्री देता आली नसती. पण एवढे ओरखडे नसते."

ती ११ मिनिटं आता मामांकडे आहेत, माझ्या लॅपटॉपवर आहेत आणि क्लाउडवरही आहेत. तुमच्या घरातही अशी एखादी फाइल असेल, जिची कॉपी एकच आहे. ती कुठली हे तुम्हाला आत्ता वाचतानाच आठवलं असेल. तिची दुसरी कॉपी आज रात्री काढा.